नवी बदके अचानक दगावतात तेव्हा

या वेळच्या पत्रांपैकी बहुतेकांची तक्रार एकच आहे. हौसेने आणलेली बदके आठ-दहा दिवसांच्या आत, कोणतेही उघड कारण न दिसता मेली. प्रत्येक पत्रातील हकिकत थोडी वेगळी असल्यामुळे उत्तरेही वेगवेगळी देत आहे.

प्रश्न (डिचोली): म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून सहा मोठी बदके आणली. मंगळवारपर्यंत ती ठणठणीत होती. बुधवारी सकाळी दोन मेलेली आढळली आणि शुक्रवारपर्यंत आणखी दोन गेली. अंगावर जखम नव्हती, मात्र मेलेल्या नराच्या चोचीतून रक्त आले होते. शेजारी म्हणतात, पान लागले, म्हणजे साप चावला. चारही बदके माडाच्या मुळाशी पुरली. काय झाले असावे?

उत्तर: पान लागल्याचा संशय आपल्याकडे सर्वांत आधी घेतला जातो, पण साप तीन दिवस पाळीपाळीने येऊन एकेक, दोनदोन बदके मारत नाही. आपल्या पत्रातील सर्वांत मोलाची माहिती म्हणजे दिवसांचा हिशेब. बदकांचा प्लेग हा विषाणूजन्य रोग अंगात शिरल्यापासून साधारण ३ ते ७ दिवसांनी प्रकट होतो. शुक्रवारी खरेदी आणि बुधवारी पहिले मरण, हा क्रम त्याच्याशी जुळतो. हा रोग प्रथम १९२३ मध्ये नेदरलँड्समध्ये नोंदला गेला आणि भारतात १९६३ मध्ये पश्चिम बंगालमध्ये आढळला. तो झालेली बदके उजेड टाळून कोपऱ्यात बसतात, पापण्या चिकटतात, पंख खाली लोंबतात, सतत तहान लागते आणि पातळ, हिरवट किंवा रक्तमिश्रित शी होते. मोठी, अंगाने भरलेली बदके मरतात आणि मेलेल्या नराचे लिंग बाहेर आलेले असते, ही खूण बघितलेला माणूस सहसा विसरत नाही.

तरीही माझा निष्कर्ष एवढ्यावर थांबत नाही, कारण बदकांचा कॉलरा हा जिवाणूजन्य रोगही असाच झडप घालतो. संध्याकाळी दाणे टिपणारे बदक सकाळी उताणे पडलेले असते. दोहोंतला फरक मालकाच्या दृष्टीने मोठा आहे. कॉलऱ्यावर वेळेत दिलेले प्रतिजैविक उपयोगी पडते, प्लेगवर ते चालत नाही. उलट प्लेगची साथ सुरू झाल्यावर निरोगी दिसणाऱ्या पक्ष्यांना तातडीने लस टोचल्यास काही वाचू शकतात. हा निर्णय बदक उघडून आतडी, यकृत आणि हृदय पाहिल्याशिवाय होत नाही, आणि आपण तर चारही बदके माडाला खत म्हणून घातली.

उरलेल्या दोघांपैकी एखादे मेलेच, तर पुढीलप्रमाणे करावे. हातमोजे आणि मुखपट्टी लावून शव साबणाच्या थंड पाण्यात बुडवावे, कारण पिसांच्या थराखाली उष्णता कोंडून शव वेगाने कुजते. मग दोन प्लास्टिक पिशव्यांत बांधून मासळीच्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फावर ठेवावे आणि त्याच दिवशी जवळच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. फ्रीझरमध्ये मात्र ठेवू नये, कारण गोठलेल्या मांसाच्या पेशी फुटतात आणि तपासणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. ती पेटी पुन्हा मासळीला वापरू नये, हे वेगळे सांगायला नको.

विकणाऱ्याने फसवले असे आपण सूचित केले आहे. मला ते तितकेसे पटत नाही. रोगातून वाचलेले बदक दिसायला तंदुरुस्त असूनही विषाणू बाळगून असते, आणि बाजाराच्या टोपलीत तीन-चार ठिकाणचे पक्षी एकत्र कोंबले जातात. विकणाऱ्यालाही ते ठाऊक नसते. याच कारणाने आपली उरलेली दोन बदके जगली तरी त्यांच्यात नवी मिसळू नयेत.

प्रश्न (चोडण): एप्रिलअखेर आणलेल्या आठ बदकांना खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतातल्या) मानशीजवळ, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडण्याच्या दाराजवळ, सोडत होतो. पंधरवड्यानंतर तीन बदकांच्या माना लुळ्या पडल्या. डोळे उघडे, शुद्ध आहे, पण मान उचलता येईना. दोन दिवसांत तिन्ही मेली. हा अर्धांगवायू का?

उत्तर: लक्षण अर्धांगवायूसारखे असले तरी मूळ बहुधा पाण्यात आहे. याला बोट्युलिझम म्हणतात. मे महिन्यात पाणी आटून गरम होते, त्यात मासे मरून कुजतात, आणि अशा हवाबंद कुजक्या पदार्थात एक जिवाणू अत्यंत जहाल विष तयार करतो. अळ्यांना या विषाची बाधा होत नाही, पण ते त्यांच्या अंगात साठून राहते, आणि बदकाला तर अळी म्हणजे मेजवानी. एका मेलेल्या बदकावर पडलेल्या अळ्या दुसऱ्या बदकाने खाल्ल्या की साखळी सुरू होते. म्हणून मेलेले काहीही, मासा असो वा पक्षी, दिवसातून दोनदा वेचून काढणे हाच खरा उपाय आहे.

मान लुळी पडलेले बदक पाण्यात बुडून मरते, म्हणून त्याला आधी कोरड्या सावलीत आणावे आणि मान गुंडाळलेल्या पोत्यावर टेकवून चमच्याने स्वच्छ पाणी थोडेथोडे द्यावे. सौम्य बाधा झालेली बदके दोन-तीन दिवसांत सावरतात. उरलेल्या पाच बदकांना मृगाचा पाऊस पडून पाणी खेळते होईपर्यंत खाजनात सोडू नका.

प्रश्न (फोंडा): कुळागरात (माड-पोफळीच्या बागेत) बदकाची बारा पिल्ले वाढवत आहे. कोंबडीच्या पिल्लांचे खाद्य आणि घरचा भरडलेला मका देतो. तिसऱ्या आठवड्यात पाच पिल्ले मेली. दोघांचे पाय वाकडे झाले आहेत. कोंबडीची पिल्ले तेच खाऊन मजेत आहेत, मग खाद्यात दोष कसा असेल?

उत्तर: कोंबड्या मजेत आहेत ही गोष्ट खाद्याच्या निर्दोषपणाचा पुरावा नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी गूढ रोगाने मेले, तेव्हा शोध घेत गेल्यावर तो ब्राझीलहून आलेल्या बुरशी लागलेल्या शेंगदाणा पेंडीपर्यंत पोचला. त्याच विषाला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. बदकाची पिल्ले या विषाला कोंबडीच्या पिल्लांपेक्षा कितीतरी अधिक बळी पडतात, इतकी की ते ओळखण्याच्या सुरुवातीच्या चाचण्या बदकाच्या पिल्लांवरच केल्या गेल्या.

आपल्याकडे आषाढ-श्रावणात ओल भिंतीतून पोत्यापर्यंत चढते. पोत्यात तळाशी हात घाला. मका ढेकळांनी बांधला गेला असेल, कुबट वास येत असेल किंवा दाण्याच्या टोकाला हिरवट भुकटी दिसत असेल, तर संपूर्ण पोते टाकून द्या. वरचा चांगला भाग काढून ठेवण्याचा मोह नको आणि ते उन्हात वाळवूनही काही होत नाही, कारण बुरशी मेली तरी विष तिथेच राहते. खोबऱ्याच्या व शेंगदाण्याच्या पेंडीलाही हेच लागू.

वाकडे पाय ही वेगळी तक्रार असावी. बदकाच्या पिल्लाला नायसिन हे जीवनसत्त्व कोंबडीच्या पिल्लापेक्षा जास्त, किलो खाद्यामागे सुमारे ५५ मिलिग्रॅम लागते. कोंबडीच्या खाद्यात ते सहसा कमी पडते. यीस्ट मिसळल्याने पाय सुधारतात, पण त्या अभावामुळे तिसऱ्या आठवड्यात अचानक पाच मरणार नाहीत.

प्रश्न (पेडणे): एकच बदक मेले, बाकीची उत्तम आहेत. तेव्हा काळजी करावी का?

उत्तर: एकच मेले असेल तर रोगापेक्षा पोटात काय आहे याचा विचार आधी करावा. अनेक वर्षांपूर्वी किनाऱ्याजवळच्या एका घरातील असेच बदक मी उघडले, तेव्हा पेषणीत, म्हणजे दाणे दळणाऱ्या जाड पोटात, पागेराच्या, म्हणजे हाताने फेकायच्या मासेमारीच्या जाळ्याच्या, कडेला लावतात तशी शिशाची गोळी झिजून गुळगुळीत झालेली सापडली. घराच्या ओसरीवर जाळे दुरुस्त होत असे आणि गोळ्या अंगणात पडत. तारेचे तुकडे, जस्ताचा मुलामा दिलेले खिळे हेही असेच. उंदरांसाठी माडाखाली झिंक फॉस्फाइडची गोळी ठेवली असेल तर मात्र एका रात्रीत मरण येते आणि पोट उघडताच लसणासारखा वास येतो.

प्रश्न (तिसवाडी): हा बर्ड फ्लू असेल का? आणि राहिलेली अंडी खावीत का?

उत्तर: अंडी खाऊ नयेत, आणि मेलेले किंवा आजारी बदक कापूनही खाऊ नये. बर्ड फ्लूचे उत्तर तपासणीशिवाय देता येत नाही; खात्रीची चाचणी भोपाळच्या राष्ट्रीय उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत होते. केरळमध्ये २०१४ मध्ये आणि पुन्हा जानेवारी २०२१ मध्ये त्याचा फटका मुख्यतः बदकांनाच बसला होता. रानटी बदके हा विषाणू वाहून आणू शकतात, आणि करमळीच्या तळ्यावर हिवाळ्यात ती येतातच, म्हणून त्या दिवसांत पाळीव बदके अशा पाण्यावर सोडू नयेत. घरचे अनेक पक्षी एकाच वेळी मेले किंवा परिसरात कावळेही मरताना दिसले, तर सरकारी दवाखान्याला त्याच दिवशी कळवावे आणि मेलेल्या पक्ष्यांना हात लावू नये.