पोस्टफिक्स-डव्हकॉटचा मेल सर्व्हर सकाळी फार स्लो होतो, रॅम वाढवूनही फरक नाही, काय बघू?

रॅमचे पैसे गेले बघा, आधी लॉग बघायचा होता. पोस्टफिक्सच्या (मेल घेणारा-पाठवणारा प्रोग्रॅम; डव्हकॉट मेलबॉक्स उघडून दाखवतो) मेल लॉगमध्ये प्रत्येक मेलच्या ओळीत डिलेज म्हणून चार आकडे असतात, सेकंदांत, स्लॅशने वेगळे केलेले. पहिला मेल क्यू मॅनेजरकडे (मेलची रांग सांभाळणारा भाग) पोचेपर्यंतचा, दुसरा तिथे थांबल्याचा, तिसरा कनेक्शन जोडायचा म्हणजे डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधणं) आणि टीएलएस (एन्क्रिप्शन) धरून, चौथा प्रत्यक्ष मेल पाठवायचा. आमच्या वागळे इस्टेटच्या ऑफिसात तिसरा आकडा सतत 5 च्या जरा वर यायचा, 5.02, 5.04 असा, आणि मी दोन दिवस डिस्कच्या मागे लागलेलो! शेवटी कळलं की रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमध्ये, म्हणजे डीएनएस कोणाला विचारायचं ते लिहिलेल्या फाइलमध्ये, पहिला डीएनएस जुन्या राउटरचा होता, तो राउटर कधीच भंगारात गेलेला, आणि लिनक्स डिफॉल्टने 5 सेकंद त्याची वाट बघून मग दुसऱ्याला विचारतं. ती ओळ काढली, सर्व्हरवरच अनबाउंड हा डीएनएस प्रोग्रॅम टाकला, काम झालं.

तुमच्याकडे तिसरा आकडा नॉर्मल असेल तर सकाळी सगळे एकदम आउटलुक उघडतात तेव्हा आयोस्टॅट ही कमांड चालवा, त्यात आयओवेट (प्रोसेसर डिस्कची वाट बघत थांबलेला वेळ) चढला तर अडचण डिस्कचीच. मेलडिर या मेल साठवायच्या पद्धतीत प्रत्येक मेलची वेगळी फाइल, त्यात साहेबांच्या इनबॉक्समध्ये पन्नास हजार मेल (साहेब डिलीट करत नाहीत, सगळीकडे तेच) आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क, मग रडणारच ती. एसएसडी टाका. बॅकअप किंवा अँटीव्हायरस स्कॅन त्याच वेळेला लागत नाही ना, तेही क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांची यादी) बघून घ्या.