मेळघाटात मुक्कामाला जाताना साबणाविषयी
आपण प्रथमच चिखलदरा परिसरात मुक्कामी भटकंतीला निघत आहात, म्हणून सामान बांधण्यापूर्वीच साबणाचा विचार करावा, असे आग्रहाने सुचवतो. वेष्टनावर 'जैवविघटनशील' असे छापलेले असले, तरी तो साबण नाल्यात वापरण्याजोगा ठरत नाही. त्याचे विघटन प्रामुख्याने मातीतील जिवाणू करतात, आणि थेट पाण्यात गेल्यास तोही पृष्ठताण कमी करून माशांच्या कल्ल्यांना व बेडकांच्या नाजूक त्वचेला इजा करू शकतो. उन्हाळ्यात तर आपल्याकडील बहुतेक नाले तुटून डोहांपुरते उरतात, आणि त्याच पाण्यावर सांबर, अस्वल, गावची गुरे व रेतीत झिरा खोदून पाणी भरणारी माणसे अवलंबून असतात.

अंघोळ व भांडी धुणे पाण्यापासून किमान 60 मीटर, म्हणजे साधारण 80 पावले दूर करावे. पाणी बादलीने तिथे न्यावे आणि सांडपाणी 15 ते 20 सेंटिमीटर खोल खड्ड्यात ओतून तो बुजवावा. खरकटे आधी गाळून परत आणावे, कारण त्याच्या वासाने रानडुकरे येतात.

एक-दोन रात्रींसाठी अंघोळीचा साबण नेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. अंगाला ओला पंचा आणि भांड्यांना गावातील चुलीची राख पुरते (राखही क्षारयुक्त असल्याने डोहात विसळू नये). शौचानंतर व स्वयंपाकापूर्वी हात मात्र साबणानेच धुवावेत. त्याला थेंबभर द्रवसाबण पुरेसा होतो.