वाचकांचे प्रश्न : विंडोजशेजारी लिनक्स

प्रश्न : लॅपटॉपला 512 जीबीची एसएसडी आणि विंडोज 11 आहे. शेजारी उबुंटू हे लिनक्स टाकायचं आहे. सी ड्राइव्हवर 250 जीबी मोकळी असूनही ‘श्रिंक व्हॉल्यूम’ 18 जीबीच देतो. असं का?
– एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर : श्रिंक म्हणजे ड्राइव्ह लहान करण्याची विंडोजची सोय. तो पार्टिशनच्या (डिस्कवरच्या कप्प्याच्या) शेवटाकडून जागा कापत येतो आणि न हलणारी फाइल आडवी आली की तिथेच थांबतो. या फाइल बहुधा तीन प्रकारच्या : हायबरनेशनची (लॅपटॉप झोपवताना उघडं काम साठवणारी), पेजफाइल (रॅमला पूरक जागा) आणि सिस्टिम रिस्टोअरच्या (विंडोज मागच्या स्थितीत नेण्याच्या सोयीच्या) जुन्या प्रती.

आधी बॅकअप घ्या. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क कुलूपबंद करणारं एन्क्रिप्शन) चालू असेल तर त्याची 48 आकडी रिकव्हरी की कागदावर उतरवा. कीचा फोटो काढून त्याच लॅपटॉपमध्ये ठेवलात तर ऐन वेळी काय उपयोग? मग अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडा आणि ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ द्या (टाइप अर्थात रोमन लिपीत). यानं हायबरनेशनची फाइल जाते आणि फास्ट स्टार्टअपही बंद होतो. तो तसाही बंदच हवा, नाहीतर विंडोज अर्धवट झोपलेलं राहतं आणि लिनक्सला सी ड्राइव्हवर काही लिहिता येत नाही. पेजफाइल आणि सिस्टिम प्रोटेक्शन (रिस्टोअरच्या प्रती ठेवणारी सोय) तात्पुरते बंद करून रीस्टार्ट करा, मग श्रिंक. 60 जीबी हवे असतील तर चौकटीत 61440 लिहा, कारण तिथे आकडा एमबीत लागतो. मोकळी झालेली जागा ‘अनअलोकेटेड’च (कुठल्याही ड्राइव्हला न दिलेली) राहू द्या आणि पेजफाइल व सिस्टिम प्रोटेक्शन पुन्हा चालू करा. सी ड्राइव्ह उबुंटूच्या इन्स्टॉलरकडून लहान करून घेऊ नका. विंडोजची जागा विंडोजनेच कापावी.

इन्स्टॉलरला एसएसडी दिसलीच नाही, तर बायोसमध्ये (लॅपटॉपच्या मूळ सेटिंगमध्ये) इंटेलचं व्हीएमडी किंवा आरएसटी (एसएसडी हाताळण्याच्या पद्धती) चालू आहे का ते पाहा. पण ते थेट बंद केलंत तर विंडोज निळ्या स्क्रीनवर अडकेल. आधी बिटलॉकर सस्पेंड करा, विंडोज पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये (किमान गोष्टींनिशी) उघडावं म्हणून ‘एमएसकॉन्फिग’मध्ये ‘सेफ बूट’वर खूण करून ठेवा, मग बायोस बदला. विंडोज एकदा सेफ मोडमध्ये उघडलं की खूण काढा.

प्रश्न : दोन्ही सिस्टिम चालतात, पण लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की घड्याळ साडेपाच तास मागे पडतं. बॅटरी गेली का?
– एक वाचक, नेरुळ

उत्तर : बॅटरी ठीक आहे. मदरबोर्डवरच्या घड्याळात लिनक्स जागतिक वेळ लिहितं आणि विंडोज तीच स्थानिक समजून वाचतं, म्हणून सकाळच्या 11 ला 5:30 दिसतात. लिनक्सच्या टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी 1’ द्या, मग विंडोजमध्ये तारीख-वेळेच्या सेटिंगमध्ये ‘सिंक नाऊ’ दाबा. लिनक्स यावर इशारा देईल, तो मुख्यतः उन्हाळ्यात घड्याळ पुढे सरकवणाऱ्या देशांसाठी आहे. आपल्याकडे ती भानगड नाही.