बायकांनी वेदमंत्र म्हणू नयेत, असे माझ्या सासूबाई म्हणतात; हे वेदातच आहे की नंतर कोणी सांगितले? आणि दोन्हींत विरोध आला तर कोणाचे ऐकायचे?

तुमच्या सासूबाई ज्याचा आधार देतात तो नियम स्मृतीतला आहे. स्त्रियांचे संस्कार मंत्रांनी होत नाहीत, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्पष्ट म्हटले आहे. मनुस्मृती, पुराणे, महाभारत (म्हणजे गीतासुद्धा) ही स्मृती, माणसांनी सांगितलेली. चार वेद आणि त्यांची उपनिषदे ही श्रुती. ऋषींनी मंत्र रचले नाहीत, त्यांना ते दिसले, अशी श्रद्धा आहे.

आता श्रुतीतच बघा. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातली ३९ आणि ४० ही सूक्ते घोषा या स्त्री-ऋषीच्या नावावर आहेत. तशीच लोपामुद्रा आहे, अपाला आहे. बृहदारण्यक उपनिषदात गार्गी भरसभेत याज्ञवल्क्यांना प्रश्नावर प्रश्न विचारते. जिला मंत्र दिसला तिने तो उच्चारायचा नाही, हे मला कधीच पटलेले नाही. वेदांचा अर्थ लावणाऱ्या मीमांसाशास्त्रातले जैमिनीचे सूत्र सांगते की श्रुतीशी विरोध असेल तिथे स्मृती बाजूला ठेवावी. शिवाय स्मृतिकारांचेही एकमत नाही: हारीताने ब्रह्मवादिनी, म्हणजे वेदाभ्यासाला वाहून घेतलेल्या, स्त्रियांना उपनयन आणि वेदाध्ययन सांगितले आहे.

पण सासूबाईंचे सगळेच मोडीत काढू नका. धर्माची मुळे सांगताना मनूने वेद आणि स्मृतीनंतर सज्जनांचा आचारही धरला आहे, आणि आपल्या खानदेशात घरे त्यावरच चालतात. श्रावणात कानबाई देवी घरात बसते तेव्हा आमच्याकडे घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घेतात, त्यात हरभऱ्याची डाळ. ते दळण वेगळे, आणि त्याचे रोट भाऊबंदकीबाहेर जात नाहीत. पोथी नाही, भटजी नाही. रात्रभर अहिराणी गाणी म्हणणाऱ्या बायकांनाच सगळे पाठ. का, म्हणून विचारले की आजी एवढेच म्हणायची, “आपला घरमा असंच करतस.” तिथे सासूबाईंचा शब्द शेवटचा, आणि तो त्यांच्याकडून शिकून घ्या.

वेद म्हणायचा असेल तर मात्र पुस्तक किंवा व्हिडिओवरून सुरुवात करू नका. जटापाठात (वेद पाठ करण्याची एक पद्धत) दोन पदे सरळ, मग उलटी, मग पुन्हा सरळ म्हणतात, ती एक मात्राही हलू नये म्हणूनच. स्वर कुठे चढतो, कुठे उतरतो ते समोर बसून ऐकावे लागते. स्त्रियांना शिकवणारे गुरुजी आज आहेत. जळगाव-धुळ्याकडे चौकशी करा, नाहीतर पुण्यात नक्की मिळतील.