अमेरिकन विद्यापीठात सॉफ्टबॉलची ‘फुल स्कॉलरशिप’: ऑफर आली तर काय तपासावं?

तुमची मुलगी बारावीत आहे, पिचर (चेंडू टाकणारी) आहे आणि तिथल्या एका कोचनं ‘स्कॉलरशिप देऊ’ असं कळवलंय. आधी पैशाचं बघू, कारण सगळी गल्लत तिथेच होते.

एनसीएए म्हणजे तिथल्या कॉलेज खेळांची नियामक संस्था; तिच्या सर्वात वरच्या स्तरात, डिव्हिजन 1 मध्ये, एका संघाला 12 स्कॉलरशिपांची मर्यादा होती आणि त्या तुकडे करून वाटत. वीस मुलींत बारा, म्हणजे सरासरी 60 टक्के. पिचरच्या वाट्याला जास्त, राखीव खेळाडूला कधी नुसता पुस्तकांचा खर्च. जून 2025 ला मंजूर झालेल्या कोर्टातल्या तडजोडीत जी विद्यापीठं सामील झाली, तिथे ही मर्यादा गेली. त्याऐवजी संघात जास्तीत जास्त 25 मुली. पण मर्यादा उठली म्हणून तिजोरी उघडली असं नाही. सॉफ्टबॉल बहुतेक ठिकाणी तोट्यातच चालतो. डिव्हिजन 2 मध्ये मर्यादा 7.2, डिव्हिजन 3 आणि आयव्ही लीगमध्ये (हार्वर्ड, येलसारख्या आठ विद्यापीठांचा गट) खेळासाठी दमडी नाही.

म्हणून टक्के विचारू नका, डॉलर विचारा: फी, राहणं, जेवण, पुस्तकं आणि आरोग्य विमा यातलं आपल्याला किती भरायचं? करार एका वर्षाचा की चार? पुढच्या वर्षीची मदत चालू, कमी की बंद, हे त्यांना 1 जुलैपर्यंत कळवावं लागतं. राहण्याजेवण्याच्या रकमेवर कर लागतो, एफ-1 (विद्यार्थी) व्हिसावर सहसा 14 टक्के आधीच कापतात. हे कोच सांगत नाहीत.

कोचिंगचं थोडक्यात: स्वयंसेवक कोचचं पद जुलै 2023 ला रद्द झालं आणि तिसरा असिस्टंट नेमता येऊ लागला. पिचिंग कोण बघतं आणि ती व्यक्ती तिथे किती वर्षं आहे, एवढं नक्की विचारा. संघाचा वार्षिक खर्च अमेरिकेच्या केंद्रीय शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन अ‍ॅथलेटिक्स’ साइटवर खेळानुसार दिसतो. पगार मात्र सगळ्या महिला संघांच्या कोचेसचा सरासरीच दिसतो.

डिव्हिजन 1 मध्ये खेळायला पात्र ठरण्यासाठी नववीपासूनच्या गुणपत्रिका लागतात. 16 मुख्य विषय आणि त्यांत 2.3 जीपीए (4 पैकी सरासरी ग्रेड) हवा. हंगामात सराव आणि सामने मिळून आठवड्याला 20 तासांची मर्यादा आहे, पण प्रवास त्यात धरत नाहीत. फेब्रुवारी ते मे गुरुवार-शुक्रवारचे तास बुडतात, त्यामुळे दुपारची प्रॅक्टिकल्स असलेल्या शाखेत ओढाताण होते.

खरी मेख पुढे आहे. खेळत राहायचं तर दुसऱ्या वर्षाअखेर पदवीचे 40 टक्के, तिसऱ्या वर्षाअखेर 60 आणि चौथ्या वर्षाअखेर 80 टक्के पूर्ण लागतात. 120 क्रेडिटच्या (विषयांना मिळणाऱ्या अभ्यास-गुणांकांच्या) पदवीला म्हणजे 48, 72 आणि 96. समजा दोन वर्षांत 62 क्रेडिट झाले आणि मुलीनं बायोलॉजी सोडून बिझनेस घेतलं. नव्या पदवीत त्यातले 41 च धरले, तर सगळ्या विषयांत पास असूनही तिसऱ्या वर्षी ती मैदानाबाहेर बसू शकते. शाखा बदलायची तर आधी विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसकडून (खेळाडूंचे नियम पाळले जातात का हे बघणारं कार्यालय) क्रेडिटचा हिशेब लेखी घ्या, मगच फॉर्म भरा.