मिस्टर फार जपतात

"वय ३५. मुलगा नववीत, मुलगी सहावीत. पुन्हा दिवस गेलेत, सातवा आठवडा आहे. याआधी दोनदा पिशवी धुतली. सासूबाई म्हणतात, या वेळी ऑपरेशनही उरकून घे. मिस्टर फार जपतात, तरी असं होतं. ते तालमीत जातात, त्यामुळे त्यांच्या ऑपरेशनचा विषयच नाही. मी करून घेऊ का?" – कळंबा, कोल्हापूर

पोरी, 'जपतात' म्हणजे ऐनवेळी बाजूला होतात, एवढंच ना? या जपण्यावर विसंबलेल्या शंभरातल्या साधारण वीस जणींना वर्षभरात दिवस जातात. तिन्ही वेळा तुझ्या पोटावर बेतलं, आणि जपल्याचं नाव मात्र त्यांचं!

आधी आत्ताचं. सातव्या आठवड्यात गर्भपाताच्या गोळ्यांनी भागतं, पण मेडिकलमधून परस्पर आणायच्या नाहीत. सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात जा. गर्भ पिशवीत आहे की नळीत, हे आधी कळायला हवं. नळीतल्या गर्भावर या गोळ्या चालत नाहीत आणि नळी फुटली तर जिवावर बेततं. सही फक्त तुझी लागते. मिस्टरांचीही नाही, सासूबाईंची तर नाहीच. पहिल्या गोळीनंतर दीड-दोन दिवसांनी दुसऱ्या. तासाला दोन मोठे पॅड पूर्ण भिजले आणि सलग दोन तास तसंच चाललं, तर रात्र असली तरी दवाखाना गाठ. दोन आठवड्यांनी तपासणी चुकवू नको, कधीकधी आत काही राहतं.

आणि ऑपरेशन तू करायचं नाहीस. त्यांनी करायचं. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या विवाहितांमध्ये बायकांचं ऑपरेशन ३७.९ टक्के, नवऱ्यांचं ०.३. आपल्याकडचे गडी लाल मातीत कुणालाही भिडतील, इथे मात्र पाय मागे!

बिनटाक्याची नसबंदी म्हणजे जागा बधिर करून एक बारीक छिद्र, वीसेक मिनिटं, त्याच दिवशी घरी. आठवडाभर जोर-बैठका बंद. ताकद जात नाही, कारण पुरुषी हार्मोन रक्तातून जातं. जी नस बांधतात, तिच्यातून फक्त शुक्रजंतू जात असतात. फसगत होते ती पुढे. नसबंदी लगेच लागू पडत नाही. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्यतपासणीत शुक्रजंतू शून्य आले की मोकळे. तुझंही तसंच, गोळ्यांनंतर पाळी यायच्या आधीच पुन्हा दिवस जाऊ शकतात.

तुझ्या तपासणीला ते गाडीवरून सोडायला येतीलच. त्या दिवशी केसपेपर दोन काढायचे.