बातमीत बाई बोलते का?

प्रश्न : आमच्या वाचनालयातल्या महिला गटानं जिल्ह्याच्या दैनिकात बायका किती आणि पुरुष किती दिसतात, ते मोजलं. एका रविवारच्या अंकातले सगळे फोटो धरले, तर बायका जवळपास निम्म्या निघाल्या. मग बातम्यांत बायका फारच कमी असतात, ही आमची तक्रारच चुकीची होती का?

उत्तर : तक्रार बरोबर आहे, मोजणी चुकली. रविवारची पुरवणी, सिनेमाचं पान आणि साडीच्या जाहिराती बातम्यांबरोबर मोजल्या की आकडा फुगतो. फोटोत कोण दिसतं यापेक्षा बातमी कुणाबद्दल आहे आणि कुणाचं म्हणणं छापलंय, ते मोजा. 'ग्लोबल मीडिया मॉनिटरिंग प्रोजेक्ट' हेच १९९५ पासून दर पाच वर्षांनी जगभर मोजतो. १९९५ मध्ये बातम्यांतल्या माणसांत स्त्रिया १७ टक्के होत्या, २०२० मध्ये २५ टक्के.

सलग सात दिवस घेऊ नका; एखादी निवडणूक किंवा यात्रा सगळा आठवडा खाऊन टाकते. पहिल्या आठवड्यातला सोमवार, दुसऱ्यातला मंगळवार असे सात आठवड्यांत सात अंक घ्या. ८ मार्चच्या आसपासचे टाळा. पहिलं पान आणि जिल्ह्याचं पान पुरे. प्रत्येक माणसाची एक ओळ: स्त्री की पुरुष, आणि कोण म्हणून आली – पदाधिकारी, तज्ज्ञ, प्रत्यक्षदर्शी, पीडित, की नुसती कुणाची पत्नी वा आई. हा शेवटचा रकानाच सगळ्यात जास्त सांगून जातो.

मराठीत एक अडचण हमखास येते. 'पाटील यांनी सांगितले' यात बाई की बुवा, कळत नाही. आडनावावरून पुरुष धरण्याची आपली सवय इथे घात करते. पूर्ण नाव किंवा 'त्या म्हणाल्या' असं काही सापडलं नाही, तर 'कळत नाही' या तिसऱ्या रकान्यात टाका.

एकच अंक दोघींनी वेगवेगळा मोजा आणि मग ताडून पाहा. दहा नोंदींत एकापेक्षा जास्त ठिकाणी फरक पडला, तर नियम धूसर आहे. तो लिहून काढून पुन्हा मोजा.

शब्दांची वही वेगळी ठेवा. भांगलणाऱ्या बायकांच्या फोटोखाली 'शेतात काम करताना महिला' आणि औताजवळच्या पुरुषाखाली 'शेतकरी' असं छापतात. 'एकतर्फी प्रेमातून तरुणीवर हल्ला' हा मथळा तर हल्लेखोराची बाजू आधी सांगतो आणि हल्लेखोराला मात्र वाक्यातून गाळतो. अशी वाक्यं तारखेसह उतरवा. संपादकांना भेटाल तेव्हा टक्केवारीइतकीच ती उपयोगी पडतात.

प्रश्न : स्वयंपाक म्हणजे बाईचंच काम, असं दाखवणाऱ्या जाहिरातीची तक्रार कुठे करायची?

उत्तर : मुंबईच्या 'ॲस्की'कडे, म्हणजे भारतीय जाहिरात मानक परिषदेकडे. ऑनलाइन करता येते. बाई स्वयंपाक करताना दाखवणं हा त्यांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे दोष नाही. ते काम फक्त तिचंच आहे असं सुचवणं हा आहे. म्हणून 'जाहिरात वाईट आहे' एवढंच लिहू नका. नेमकं वाक्य किंवा दृश्य, माध्यम, तारीख आणि वेळ द्या, फोटो जोडा. दैनिकातल्या बातमीबद्दल मात्र आधी संपादकांना लेखी कळवा, मग भारतीय प्रेस कौन्सिलकडे जा. त्यासाठी छापल्यापासून दोन महिन्यांची मुदत असते. पत्राची प्रत जपून ठेवा.